हैबतीचा धोंडा

आंबेरखेडच्या कॉलेजच्या फाटकाबाहेर, एस.टी. वळते त्या तिठ्यावर, एक बसका काळा धोंडा आहे. त्याला शेंदूर नाही, वर छत्री नाही, पुढे नारळ फोडायला जागा नाही. माथा मात्र घरातल्या जुन्या पाट्यासारखा गुळगुळीत झालेला. नवी आलेली पोरं त्यावर वह्या टाकतात, पाय ठेवून बुटाची नाडी बांधतात, बसची वाट बघत बसतात. त्यावरून त्यांना कुणी हटकत नाही. इथं माणसाला हटकतात ते वेगळ्याच कारणासाठी.

बाकी साऱ्या मुलखात निघत्या माणसाला 'कुठं' म्हणून विचारणं हा अपशकुन. फार तर 'लांब निघालात का?' एवढं म्हणावं, तेही जरा चाचरत. आंबेरखेडात आणि भोवतालच्या पंचक्रोशीत सगळं उलटं. पिशवी खांद्याला लावून निघालात की चहावाला विचारतो, "कुठं निघालात?" धुणं वाळत घालणारी बाई विचारते, शेळ्या वळणारा म्हातारा विचारतो. विचारून गप्प बसतात म्हणावं तर तेही नाही. उत्तर मिळेपर्यंत वाट अडवून उभे राहतात. बाहेरगावच्या पोरांना हे फार झोंबतं. दरवर्षी कॉलेज उघडलं की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी फणकारतं, "तुम्हाला काय करायच्यात नसत्या चौकश्या?"

मग बाबूनाना तारू त्या पोरांना धोंड्यापाशी बसवून घेतात. नाना कॉलेजातून शिपाई म्हणून निवृत्त झाले, जातीचे भोई, त्यांच्या आज्यापर्यंत तितरी नदीवर यांच्याच घराची नाव चालायची. पहिल्या वर्षाच्या पोरांना आसपासच्या वाड्यावस्त्या दाखवायला नेतात, त्याआधी नानांकडून हे ऐकवायचं असा कॉलेजचाही रिवाज पडून गेला आहे. "गावं बघायला निघालाय, तर आधी ही गावं एकमेकाला वळखायला कशी लागली ते ऐका," असं म्हणून नाना सुरू करतात. ते सांगतात ते असं.

तितरीला पूल नव्हता तेव्हाची ही गोष्ट. कॉलेज नव्हतं, आंबेरखेडही नव्हतं. इथं नुसता माळ होता आणि माळावर तीन वाटा फुटत होत्या. इथून चार कोसांवर तितरीच्या घाटाला हैबती नावाचा भोई नाव लावून असे. अंगानं थोराड, बोलायला कमी. पुराच्या पाण्यातही त्याची नाव म्हणे पाटावर बसल्यासारखी जाई. पण त्याचं नाव झालं होतं ते नाव हाकण्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीसाठी. हैबती कुणाला कधी 'कुठं' म्हणून विचारत नसे.

"निघाल्या पायाला कुठं म्हणू नये, आन पाण्यावर तर न्हाईच न्हाई," असं त्याचा बाप जाताना सांगून गेला होता. हैबतीनं ते वेदवाक्य मानलं. सासूशी भांडून निघालेल्या सुना, पोरांना न सांगता देवाला निघालेले म्हातारे, कुणाच्या तरी धाकानं गाव सोडणारे, सगळे त्याच्या नावेत निर्धास्त बसत. कुणी आपणहून सांगू लागला तरी हैबती हात वर करून त्याला थांबवी. "असू दे, असू दे. सुखरूप या," एवढंच त्याचं बोलणं. तोंडाला कुलूप असावं तर हैबतीसारखं, असं लोक म्हणत आणि हैबतीला ते ऐकून बरं वाटे. बरं वाटण्याजोगं त्यात काही नव्हतं, पण ते त्याला फार उशिरा कळलं.

त्याला एकच लेक, बयजा. आई तिच्या दुधाच्या दातांबरोबरच गेली. वेणी बापानंच घालायची, ती नेहमी एका अंगाला कललेली. नावेच्या टोकाला बसून पोर मोठी झाली आणि बापानं जेवढं तोंड मिटलं होतं तेवढं हिनं उघडलं. चढेल त्या माणसाला विचारायची, "काका कुठं? मावशी कुठं? बैल का न्हाई आणला?" माणसं हसत, काही जण चरकत. एकदा एक बाई नावेतून उतरून पुन्हा घरी फिरली, पोरीनं कुठं म्हटलं म्हणून. त्या दिवशी हैबतीनं बयजाच्या थोबाडीत मारली. उभ्या जन्मात एकदाच मारली, पण ती पुरली. पोर पुढे विचारायची थांबली, आणि हळूहळू सांगायचीही थांबली. "लेक शहाणी झाली," असं हैबती अभिमानानं म्हणे.

बयजाचं लग्न झालं पलीकडच्या काठाला, कासारडोहाच्या भोयांच्या घरात. पाच वर्षं झाली, कूस उजवली नाही. दरवर्षी पंचमीला ती माहेरी येई, त्या वर्षी आखाडातच आली. दीर आपल्या घरच्या नावेतून ऐलतीरी घाटापर्यंत सोडून पाठ फिरवून गेला. हातात गाठोडं होतं आणि ते पंचमीला येणाऱ्या लेकीच्या गाठोड्याहून मोठं होतं. हैबतीला वाटलं, बरं झालं, चार दिवस जास्त राहील.

ती राहिली. स्वयंपाक करी, फाटकी जाळी विणून देई, दुपारी पाण्याकडे बघत बसे. शेजारच्या बाया म्हणाल्या, लेक जेवत नाही रे हैबती. त्याच्या मनात दोनदा आलं, विचारावं. पण का आलीस म्हणावं तर तिला वाटायचं बापाला जड झाले, आणि कधी जाणार म्हणावं तर ते त्याहून वाईट. रीतच अशी पडली होती त्या घराची, की प्रश्न ओठापर्यंत आला तरी तिथूनच मागे फिरे. पंचमीला सगळ्या माहेरवाशिणी झोक्याला गेल्या, ही चुलीपाशी बसून राहिली. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर गाठोडं बांधून ती घाटावर आली आणि नावेत बसली.

नावेत दोघंच होती. श्रावणातली तितरी दोन्ही काठांना लागून वाहत होती. मध्यावर आल्यावर बयजा म्हणाली, "बाबा."

"हं?"

"काय न्हाई."

हैबतीनं बांबू रोवला आणि नाव पुढे रेटली. असे सांगतात की त्या दिवशी नाव नेहमीपेक्षा दुप्पट वेळ पाण्यात होती, नदीनंच तिला धरून ठेवली होती, की आता तरी बाप तोंड उघडेल. खरं-खोटं तितरीला ठाऊक.

पलीकडे ती उतरली, बापाच्या पायाला हात लावला. घरातून निघणारं माणूस 'येते' म्हणतं, 'जाते' कुणी म्हणत नाही. बयजा म्हणाली, "जाते बाबा." हैबतीनं ते ऐकलं. ती तिथंच उभी राहिली, पायाच्या अंगठ्यानं वाळू उकरत. नाना इथं नेहमी थांबतात आणि म्हणतात, ती एका शब्दासाठी उभी होती, दुसरं काय कारण असणार?

त्या काठावरून दोन वाटा निघत. डावी नदीच्या कडेनं कासारडोहाला, उजवी वर लोणारवाडीकडे. बयजा उजवीकडे वळली.

हैबतीचं तोंड उघडलं. शब्द जिभेवर होता. पण निघाल्या पायाला कुठं म्हणू नये, आणि पाठमोऱ्या माणसाला हाक मारू नये, हे दोन्ही त्याच्या हाडात मुरलेलं. आपण हाक मारली आणि लेकीचं काही वाईट झालं तर? मग त्यानं स्वतःची समजूत काढली, की वर टेकडीवरच्या देवीची ओटी भरून तिकडूनच कासारडोहाला उतरेल. समजूत काढायची म्हटली की माणसाला कारण सापडतंच. त्यानं नाव वळवली.

दिवाळी आली. हैबतीनं लेकीसाठी हिरवं लुगडं घेतलं आणि तिला आणायला कासारडोहाला गेला. अंगणात एक पोटुशी बाई मासे निवडत बसली होती, ती त्याच्या ओळखीची नव्हती. दारात विहीण आली.

"तुमी? आन बयजा कुठाय?"

"कुठाय म्हंजी? न्यायला आलोय तिला."

"आवं, आखाडातच धाडली की तिला! दुसरी बायकू आणलीया पोरानं, आता माघारी येऊ नगंस, म्हणून सांगूनच धाडली. बोलली न्हाई व्हय तुमास्नी?"

हैबती उंबऱ्यावर बसला. तीन महिने सासरचे समजत होते की ती माहेरी आहे, आणि बाप समजत होता की ती नांदते आहे. तिला जायला घर उरलं नव्हतं, आणि ते सांगायला तिनं बापाच्या एका प्रश्नाची वाट बघितली होती. त्यानं तो विचारला नाही. हैबती लुगडं काखेत मारून उठला आणि नदीकाठानं चालत उजव्या वाटेला लागला.

तोवर हैबतीला या मुलखातली माणसं फक्त नावेत बसलेली ठाऊक होती. ती कुठून येतात, काय करतात, कशी राहतात, त्यानं कधी बघितलं नव्हतं. आता तो त्यांच्या दारात उभा राहिला. आधी लोणारवाडीला गेला, चुन्याच्या भट्ट्या तिथं पेटलेल्या. सरूआई नावाची लोणारीण पांढऱ्या झालेल्या हातांनी खडे निवडत होती. त्यानं लेकीची खूण सांगताच तिनं ओळखलं.

"आलती की. पावसात भिजलेली, भट्टीपाशी शेकाया बसली. भाकर दिली, चार रोज ऱ्हायली. मग उठली आन निघाली."

"कुठं गेली?"

सरूआईनं हातातला खडा खाली ठेवला. "निघत्या माणसाला कसं इचारू, बाबा? पोरीचं वंगाळ व्हावं व्हय?"

पुढे माळावर धनगरांचा वाडा उतरला होता, जाळीच्या कुंपणात मेंढरं कोंडलेली. तिथंही बयजा राहून गेली होती. पावसात मेंढरांची नुकती जन्मलेली पिलं पदराखाली घेऊन चालायची, असं धनगरणी म्हणाल्या. एकदा हसलीसुद्धा, एक पिलू तिच्या मागं मागं येऊ लागलं तेव्हा. मग एका सकाळी निघाली. कुठं, ते कुणी विचारलं नाही. पुढच्या पेठेत कोष्ट्यांच्या घरी तिनं अख्खा भादवा मागाच्या सुताच्या कांड्या भरल्या, हात फार चपळ होता, ठेवून घ्यावी असं घरधन्याच्या मनात होतं. पण ती गाठोडं बांधू लागल्यावर त्यानं मान फिरवली, कारण त्यालाही शिकवण तीच. सगळ्यांनी तिला खायला घातलं, कोष्टिणीनं अंगावरचं एक लुगडं दिलं. माणसं चांगली होती. तिला वाईट म्हणून कुणी बोललं नाही, आणि एका चांगल्या माणसानंही तिला 'कुठं' म्हणून विचारलं नाही.

शेवटी हैबती या तिठ्यावर आला. इथं वडारांची खाण होती. एक वडार पाट्याला टाकी लावत बसला होता. तो म्हणाला, "दिसलती. हितंच उभी हुती, ह्या तिन्ही वाटांकडं बघत. लई येळ उभी हुती. म्हटलं इचारावं. पर निघाल्याली बाई माणूस, म्हून खाली बघून टाकी मारली. वर बघितलं तर न्हवती."

"कंच्या वाटंनं गेली?"

वडारानं मान हलवली.

तेव्हा हैबती ओरडला म्हणे. आयुष्यभर मिटलेलं तोंड असं उघडलं की खाणीतल्या टाक्या थांबल्या. "एकानं तरी! अरं, एवढ्या गावांत एकानं तरी इचारायचं की रं तिला!" मग हैबती स्वतःच थांबला. पहिला न विचारणारा कोण, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. तो तिठ्यावर मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडला. वडारानं खाणीतला एक धोंडा लोटत आणून त्याला टेकायला दिला. तोच हा धोंडा.

हैबती पुन्हा घाटावर गेला नाही, नाव भाऊबंदांनी चालवली. तो इथं बसला आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला विचारू लागला, "कुठं निघालास?" लोक भडकले. जाताना कुठं म्हणणारा हा कोण पांढऱ्या पायाचा! कुणी शिव्या दिल्या, कुणी शेण मारलं, बैलगाड्या माळावरून वळसा घालून जाऊ लागल्या. हैबती म्हणे, "शिव्या द्या, पर सांगून जा." आणि माणूस गाव सांगून पुढे निघाला की पाठीमागून सांगे, "वाटंत बयजा नावाची बाई भेटली तर तिला सांगा, बापानं इचारलंय, कुठं निघालीस म्हणून."

पहिल्यांदा सरूआई आली भाकरी घेऊन. धोंड्यापाशी बसून तिनं हे ऐकलं आणि तिला राहवलं नाही. चार रोज पोर आपल्या भट्टीपाशी होती, चार रोजात एकदा विचारायला काय झालं होतं? ती घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी तिच्या वाटेनं निघालेल्या एका वाण्याला तिनं आडवं होऊन विचारलं, "कुठं?" मग धनगरणींनी विचारायला सुरुवात केली, मग कोष्ट्यांनी, वडारांनी. त्यांच्या पोरीबाळींना आधी भीती वाटे, मग सवय झाली. हैबतीची भाकरीही या चार वस्त्यांनी वाटून घेतली. तोवर एकमेकांच्या चुलीचा धूर लांबूनच बघणारी ही माणसं त्या निमित्तानं तिठ्यावर भेटू लागली, आणि कोण कुठला, कुणाची लेक कुठं दिली, हे त्यांना एकमेकांचं कळू लागलं. पुढे या वाटांवर कुणी हरवलं नाही, असेही सांगतात. बयजा मात्र सापडली नाही. कुणी म्हणे, डोंगराच्या घाटाखाली एका वाडीत तशी बाई बघितली. कुणी म्हणे, गंगेच्या काठी. हैबती दोनदा उठून गेला आणि दोनदा परत येऊन बसला. लुगडं त्याच्या काखेतच विरलं.

अठरा वर्षं तो बसला. एका सकाळी सरूआई भाकरी घेऊन आली, तीही आता काठीवर आलेली. हैबती धोंड्याला टेकून होता, डोळे वाटेवर आणि श्वास तुटत चाललेला. तिनं बघितलं आणि काय ते ओळखलं. लहानपणापासून तिला जे शिकवलं होतं त्याप्रमाणे आता तर तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, मरत्या माणसाला असलं विचारण्यासारखं दुसरं पाप नाही. सरूआई त्याच्या पुढ्यात खाली बसली, त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "हैबती, कुठं निघालास?"

अठरा वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं; तो कुणासाठी उठतो-बसतो ते सगळ्यांना ठाऊकच होतं. त्यानं तिच्याकडे बघितलं. "बयजा गेली तिकडं," तो म्हणाला.

"ती कुठं गेली, तुला ठाव हाय का?"

"न्हाई," हैबती म्हणाला. "आता म्या इचारीन की तिला."

त्याला जाळलं तितरीच्या घाटावर. भोयांनी एकट्यांनी नेलं नाही. लोणारी, धनगर, कोष्टी, वडार, सगळ्यांनी आळीपाळीनं खांदा दिला. यापुढचं काही नाना सांगत नाहीत. बयजाचं काय झालं असेल असं पोरं विचारतात, दरवर्षी विचारतात. नाना म्हणतात, मला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसलेलं जोडून सांगितलं तर ती बाई दुसऱ्यांदा हरवेल.

माळावर पुढे वस्ती झाली, वस्तीचं गाव झालं, गावात कॉलेज आलं. तितरीवर पूल झाला, तीन वाटांचे डांबरी रस्ते झाले. आजही या पंचक्रोशीत कुणी निघालं की त्याला विचारतात आणि तो उभा राहून सांगतो. लेक सासरी निघाली तर बाप तिला वेशीवर उभी करून सगळ्या वऱ्हाडासमोर विचारतो, कुठं निघालीस बाई. आणि ती बोलेपर्यंत गाडी हलत नाही, मग कितीही खोळंबा होवो. आजही कॉलेजच्या फाटकाशी शेवटच्या पेपरानंतर बस लागते तेव्हा पोरांना पोचवायला चहावाला येतो, खाणावळीच्या बाया येतात, नाना येतात. खिडकीखिडकीशी जाऊन विचारतात. पोरं आपापल्या गावांची नावं सांगतात, नागपूर, उदगीर, सावंतवाडी. आणि गाव लांबचं असलं, की नाना खिडकीची दांडी धरून हळूच म्हणतात, "तिकडं बयजा भेटली तर सांगा, बापानं इचारलंय."